परतावा आला, पण कुणाचा?

फेब्रुवारी 2018. अमेरिकेतल्या काही करदात्यांच्या बँक खात्यात अचानक कराचा परतावा जमा झाला. गंमत म्हणजे त्यांनी विवरणपत्र भरलेलंच नव्हतं! पाठोपाठ फोन: ‘पैसे चुकून आलेत, परत करा.’

उगम होता त्यांच्या कर सल्लागाराच्या संगणकात. ‘मी नवा ग्राहक, गेल्या वर्षीची कागदपत्रं सोबत जोडली आहेत,’ अशा थाटाची ईमेल येते. विवरणपत्रांच्या हंगामातल्या धबडग्यात सल्लागार फाइल उघडतो आणि सगळ्या अशिलांची माहिती चोरांच्या हाती लागते. मग त्यांच्या नावे खोटी विवरणपत्रं. पैसे खऱ्या खात्यातच पाठवायचे आणि वसुली अधिकारी बनून उकळायचे. डोकं बेरकी खरंच.

फोनवरच्या अशा दमदाटीचा एक आधीचा नमुना थेट मीरा रोडला सापडला होता. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकन नाव, कमावलेले उच्चार, ‘कर थकलाय, अटक होईल’ अशी धमकी. आणि भरणा कशात? गिफ्ट कार्डांत! कार्डामागचे आकडे फोनवर वाचून दाखवले की पैसे गेले.

अमेरिकेचं करखातं, म्हणजे आयआरएस, थकबाकीबद्दल सहसा आधी टपालानं पत्र पाठवतं. चुकीचा परतावा बँकेला सांगून आयआरएसकडेच परत धाडायचा असतो, फोनवाल्याकडे नव्हे.