गुरांचे संत, गुरांचे सण

दिवाळीचा पाडवा झाला की हैदराबादेत नल्लकुंट्याशेजारच्या नारायणगुड्यात ढोल घुमू लागतात. यादव गवळ्यांचा सदर! तेल चोपडून चकचकीत केलेले काळेभोर रेडे, रंगवलेली शिंगं, कवड्यांच्या माळा, पायात घुंगरू. मालकानं इशारा केला की टनभर वजनाचा मुऱ्हा रेडा मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि गर्दी एकच कल्ला करते. कोल्हापूरकरांना आपल्या म्हशींचा सगर इथे हमखास आठवणार.

दिवाळीच्याच आगेमागे, २० ऑक्टोबरला, जर्मनीतही गुराढोरांचा दिवस असतो. त्या दिवसाचे मानकरी संत वेंडेलीन, मेंढपाळांचे आणि जनावरांचे रखवालदार. आख्यायिका सांगते, हे सहाव्या शतकातले राजपुत्र. राज्य सोडून ते मेंढ्या राखायला लागले. म्हणून चित्रांत त्यांच्या डोक्यावर मुकुट क्वचितच, हातात मात्र काठी आणि पायाशी कोकरं. ते गेल्यावर त्यांचा देह कधीच गाडीला न जुंपलेल्या बैलांच्या गाडीत ठेवला आणि बैलांना मोकळं सोडलं. बैल थांबले तिथे समाधी झाली. संताला कुठे विसावायचं हे बैलांनी ठरवावं, याहून सुंदर मान जनावरांना कोणी दिला असेल? समाधीभोवती वसलेलं गाव म्हणजे सांक्ट वेंडेल. दक्षिण जर्मनीत अनेक ठिकाणी त्यांच्या नावानं सजवलेल्या घोड्यांची मिरवणूक निघते आणि पाद्री घोड्यांना आशीर्वाद देतात.

संक्रांतीकडे वळलं तर गंमत आणखी वाढते. तेलुगू घरांत संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कनुमा, म्हणजे गुरांची पूजा. लगेच १७ जानेवारीला इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी संत अँथनी यांचा सण. (हातात बाळ येशू असलेले पादुआचे अँथनी वेगळे.) इजिप्तच्या या अँथनींच्या पायाशी असतं डुक्कर. मध्ययुगात त्यांच्या नावाच्या संघाची डुकरं गळ्यात घंटा बांधून शहरभर मोकळी फिरत आणि लोक त्यांना खाऊ घालत. राय धान्यावरच्या बुरशीमुळे हातपाय जळजळून सडणाऱ्या रोग्यांची हा संघ शुश्रूषा करी, आणि डुकराची चरबी त्यांच्या मलमात जाई.

तामिळनाडूतले कॅथलिक याच संतांना ‘वनत्तु अंतोणियार’, म्हणजे रानातले अँथनी म्हणतात. पोंगलच्या दिवसांत तिथे त्यांच्या नावानं जल्लिकट्टूही होतो.

आणि स्पेन! सान बार्तोलोमे दे पिनारेस गावात याच संतांच्या सणाच्या आदल्या रात्री, १६ जानेवारीला, गल्लीबोळांत जाळ पेटवतात आणि स्वार त्यातून घोडे उडवतात. धुरानं रोगराई पळते, अशी श्रद्धा. कर्नाटकात म्हैसूर-मंड्याकडे संक्रांतीच्या संध्याकाळी नटवलेली गुरं पेटत्या गवतावरून उडवतात, तीही त्याच श्रद्धेनं.