तीन इंच कुठे गेले?

बंगळूरमधल्या के. आर. पुरमचा केबल पूल ओलांडून टिन फॅक्टरीच्या गर्दीत गाड्या खोळंबतात, तेव्हा प्रत्येक सुरू पेट्रोल इंजिनाच्या पोटात जबरदस्त ओढ असते. गाडी जागची हलत नाही, इंजिन नुसतं स्लोवर घुरघुरतंय, आणि तरीही ओढ मोठी! हीच गाडी घाटात पूर्ण रेस देऊन चढवा, ती ओढ जवळजवळ नाहीशी होते.

सुई काढलेल्या सिरिंजचं तोंड बोटाने दाबा आणि दट्ट्या मागे ओढून पाहा. इंजिनातही तेच घडतं. बोटाच्या जागी थ्रॉटलची झडप, दट्ट्याच्या जागी पिस्टन. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसला की झडप जवळपास मिटलेली, आणि चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सेकंदाला साधारण २७ वेळा हवा ओढायला बघतं. मधल्या नळकांड्यात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. ब्रेकचं पेडल पायाला हलकं लागतं, तेही याच ओढीच्या जिवावर.

मॅनिफोल्डला नळी लावून व्हॅक्यूम गेज जोडलं की ही ओढ इंच पाऱ्यात वाचता येते. तब्येतीत असलेलं इंजिन १७ ते २१ इंच दाखवतं, असं जुनी मॅन्युअल्स सांगतात. मुंबईत ते खरंही ठरतं. तेच इंजिन के. आर. पुरममध्ये आणलं तर काटा १४ ते १८ च्या दरम्यान उभा राहतो. बिघाड काही नाही. मग तीन इंच गेले कुठे?

ते बाहेरच्या हवेतून गेले. पास्कलने १६४८ मध्ये आपल्या मेहुण्याला फ्रान्समधल्या प्युइ द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढायला लावलं होतं. वर गेल्यावर पारा तीनेक इंच उतरला. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, आणि दर हजार फुटांमागे हवेचा दाब साधारण एक इंच पाऱ्याने घटतो. गेज दाखवतं तो फरक असतो, बाहेरचा दाब वजा आतला दाब. मुंबईत ३० वजा ११, म्हणजे १९. इथे २७ वजा ११, म्हणजे १६. आतला आकडा हलत नाही, कारण स्लोवर फिरत राहायला इंजिनाला लागणारी हवा दोन्हीकडे जवळपास तेवढीच. मला तर हे फार सुंदर वाटतं: बॉनेटखालचा काटा शहराची उंची सांगतो!

गंमत बाजूला ठेवली तर यात फसगतीची सोय चांगलीच आहे. समुद्रसपाटीच्या मॅन्युअलमध्ये १५ इंचांवर स्थिर काटा म्हणजे इग्निशनचं टायमिंग मागे पडल्याची खूण. तेवढ्यावर विसंबून इथला एखादा मेकॅनिक धडधाकट इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर फिरवायला लागेल.

म्हणून आकड्यापेक्षा काट्याची चाल बघावी. एखादा व्हॉल्व्ह जळून नीट बसत नसेल तर त्या सिलिंडरची पाळी आली की काटा खाली झुकतो, पुन्हा वर येतो. ८०० फेऱ्यांवर हे सेकंदाला सहा-सात वेळा होतं, ठेका धरल्यासारखं. शेजारच्या दोन सिलिंडरांमधलं हेड गॅस्केट फुटलं असेल तर काटा वर-खाली मोठे झोके घेतो. संथपणे इकडेतिकडे रेंगाळला तर हवा-पेट्रोलचं मिश्रण तपासावं. स्थिर पण फारच खाली असेल तर मॅनिफोल्डची एखादी नळी तडकून बाहेरची हवा आत घुसत असण्याची शक्यता मोठी. आणि पिस्टन रिंगांसाठी खटकन रेस देऊन सोडायची: काटा शून्याजवळ पडून नेहमीच्या जागेच्याही वर उसळला, मग मूळ जागी आला, तर रिंगा शाबूत.

इथल्या डिझेल लोको शेडमधल्या इंजिनांना मात्र हे गेज लावून उपयोग नाही. डिझेल इंजिनात वेग आवरायला हवा अडवत नाहीत, इंधन कमी-जास्त करतात; झडप नाही, म्हणून ओढही नाही.

नव्या पेट्रोल गाड्यांत हेच काम मॅप सेन्सर करतो आणि तो फरक न मोजता थेट आतला दाब सांगतो. स्कॅनर जोडून इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली, तर के. आर. पुरममध्ये तो ९१ किलोपास्कलच्या आसपास दाखवील, मुंबईत १०१. इंजिन सुरू केलं की दोन्हीकडे ३५-४० वर येईल.