इंग्लंडमधील स्थानिक पोटनिवडणुका आणि पक्षांची कामगिरी : एक विवेचन

प्रस्तावना

इंग्लंडमधील स्थानिक कौन्सिलांच्या पोटनिवडणुका वर्षभर, बहुधा गुरुवारी, कोणत्या ना कोणत्या प्रभागात होत असतात. एक जागा, काही हजार मतदार आणि पुष्कळदा त्यांतील जेमतेम पाव भागाचे मतदान, असे त्यांचे स्वरूप असते. तथापि या निकालांवरून राष्ट्रीय पक्षांच्या चढउताराविषयी मोठमोठे निष्कर्ष काढले जातात. आपल्या महाविद्यालयांतून ब्रिटिश संसदेचा अभ्यास विस्ताराने होतो. त्या मानाने तेथील स्थानिक निवडणुका उपेक्षित राहिल्या आहेत. एका प्रभागाचा निकाल नेमके काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जागा रिक्त होण्याची कारणे

या पोटनिवडणुकांना १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याचा आधार आहे. सदस्याचा मृत्यू, राजीनामा, अपात्रता किंवा मान्य कारणाशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहणे, या कारणांनी जागा रिक्त होते. जागा रिक्त झाल्याचे कौन्सिलने घोषित केल्यावर, अथवा प्रभाग ज्या कौन्सिलमध्ये आहे तेथील दोन मतदारांनी लेखी मागणी केल्यावर, सुट्ट्या वगळून ३५ दिवसांच्या आत मतदान घ्यावे लागते. सदस्याची नियमित मुदत संपण्यास सहा महिन्यांहून कमी काळ उरला असेल, तर सर्वसाधारणपणे पोटनिवडणूक होत नाही.

पक्षांतरामुळे मात्र जागा रिक्त होत नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एका पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला सदस्य दुसऱ्या पक्षात गेला तरी त्याचे सदस्यत्व कायम राहते. अशा सदस्याने पुढे राजीनामा दिल्यास ती जागा कोणत्या पक्षाची मानावी, असा प्रश्न उद्भवतो. त्यामुळे एकाच निकालाची नोंद कोणी ‘जागा राखली’ अशी, तर कोणी ‘जागा मिळविली’ अशी करतो. जागांच्या हिशेबातील पहिली संदिग्धता येथेच निर्माण होते.

निकालांचे गणित

या निवडणुकांत सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार विजयी होतो. निम्म्याहून अधिक मतांची अट नसते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रभागात ६००० मतदार असून २५ टक्के मतदान झाले, तर १५०० मते पडतात. पाच पक्ष रिंगणात असतील, तर २८ टक्के म्हणजे ४२० मते मिळविणारा विजयी होऊ शकतो आणि २७ टक्के म्हणजे ४०५ मते मिळविणारा पराभूत. केवळ १५ मतांनी जागा हातची जाते. परंतु दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एका पक्षाचा ‘विजय’ आणि दुसऱ्याची ‘पीछेहाट’ एवढेच उरते. यास्तव जागेपेक्षा मतांच्या टक्केवारीतील बदल अधिक विश्वसनीय मानला जातो. परंतु तो मोजतानाही तीन अडचणी येतात.

पहिली अडचण तुलनेच्या वर्षाची आहे. मे २०२१ मध्ये हुजूर पक्षास अनुकूल वातावरण होते. बीबीसीच्या अंदाजानुसार त्या वर्षी राष्ट्रीय पातळीवर त्या पक्षाचा वाटा ३६ टक्के, तर मजूर पक्षाचा २९ टक्के होता. त्या वर्षाशी तुलना केल्यास हुजूर पक्षाची घसरण मोठी दिसते. त्या पक्षाच्या पडत्या काळातील, म्हणजे २०२३ किंवा २०२४ च्या निकालांशी केल्यास ती लहान दिसते.

दुसरी अडचण बहुसदस्यीय प्रभागांची आहे. सार्वत्रिक निवडणुकीत मतदारास दोन किंवा तीन मते देता येतात, पोटनिवडणुकीत मात्र बहुधा एकच. पूर्वीचा वाटा काढताना पक्षाच्या सर्वाधिक मते मिळविलेल्या उमेदवाराचा आकडा घ्यावा की सर्व उमेदवारांची सरासरी, यावर उत्तर बदलते.

तिसरी अडचण पूर्वी न लढलेल्या पक्षाची आहे. रिफॉर्म यूके या पक्षाने २०२१ ते २०२३ या काळात फारच थोड्या प्रभागांत उमेदवार उभे केले होते. त्यामुळे नंतरच्या पोटनिवडणुकांत त्यास मिळालेली सर्वच मते ‘वाढ’ म्हणून नोंदली जातात.

याखेरीज संघटनेचे बळही विचारात घ्यावे लागते. मतदान कमी असते तेथे घरोघर जाऊन मतदारांना बाहेर काढणाऱ्या कार्यकर्त्यांचे मोल वाढते. लिबरल पक्षाने १९७० मध्ये स्थानिक समस्यांभोवती राजकारण उभारण्याचे धोरण स्वीकारले. त्याचा वारसा सांगणारा लिबरल डेमोक्रॅट पक्ष राष्ट्रीय मतचाचण्यांतील आपल्या स्थानाच्या मानाने पोटनिवडणुकांत पुष्कळदा सरस ठरतो, त्याचे एक कारण हे होय.

लेस्टरचे उदाहरण

लेस्टर शहरात भारतीय, विशेषतः गुजराती वंशाच्या नागरिकांची वस्ती मोठी आहे. शिवाय ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांनाही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तेथे मतदानाचा अधिकार आहे. या शहराच्या कौन्सिलमध्ये २०१९ साली ५४ पैकी ५३ जागा मजूर पक्षाने जिंकल्या होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशभर हुजूर पक्षाची स्थिती अत्यंत बिकट होती. लिझ ट्रस यांचे सरकार काही आठवड्यांतच कोसळून २५ ऑक्टोबर रोजी ऋषी सुनक पंतप्रधान झाले. त्याच आठवड्यात नॉर्थ एव्हिंग्टन प्रभागाच्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाने मजूर पक्षाची जागा जिंकली. तत्पूर्वी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शहरात हिंदू व मुस्लिम तरुणांच्या गटांत तणाव उसळला होता.

हा निकाल राष्ट्रीय कलाचा निदर्शक मानला असता, तर निष्कर्ष साफ चुकला असता. परंतु तो अपवाद म्हणून बाजूस सारणेही तितकेच चुकीचे ठरले असते. मे २०२३ मध्ये लेस्टरमध्ये मजूर पक्ष ३१ जागांवर आला आणि हुजूर पक्षास १७ जागा मिळाल्या. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाने देशात ४११ जागा जिंकल्या, तरी लेस्टर पूर्व हा मतदारसंघ त्याने हुजूर पक्षाकडे गमावला. एका प्रभागाचा निकाल देशाविषयी नव्हे, तर त्या शहराविषयी खरे बोलत होता.

एकत्रित निकालांचे मूल्य

मग राष्ट्रीय अनुमानास या निकालांचा उपयोग नाही काय? आहे, परंतु अनेक निकाल एकत्र घेतले तरच. प्लिमथ विद्यापीठातील कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकेल थ्रॅशर या अभ्यासकांनी पोटनिवडणुकांतील मतबदलांच्या आधारे पक्षांचा राष्ट्रीय वाटा अनुमानित करण्याची पद्धती विकसित केली. अनेक प्रभाग एकत्र आले की स्थानिक कारणे काही अंशी परस्परांना छेदून जातात आणि सामायिक कल उरतो, हे त्यामागील तत्त्व होय.

२०२४ नंतरच्या घडामोडींतून याचा प्रत्यय येतो. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष ३३.७ टक्के मतांवर सत्तेवर आला. त्या वर्षाच्या उत्तरार्धातच त्याच्या जागा पोटनिवडणुकांत जाऊ लागल्या. ब्लॅकपूलमधील मार्टन आणि वुल्व्हरहॅम्प्टनमधील बिल्स्टन नॉर्थ या त्याच्या जागा रिफॉर्म यूकेने घेतल्या. यांतील कोणताही एक निकाल पुरेसा पुरावा नव्हता. त्यांची सातत्यपूर्ण दिशा हा पुरावा होता. मे २०२५ मध्ये रिफॉर्म यूकेने ६७७ जागा व १० कौन्सिलांची सत्ता मिळविली. बीबीसीच्या अंदाजानुसार त्या पक्षाचा राष्ट्रीय वाटा ३० टक्के, तर मजूर पक्षाचा २० टक्के होता.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पोटनिवडणुकीच्या निकालाचे वाचन दोन स्तरांवर करावयास हवे. एकटा निकाल हा त्या प्रभागातील माणसांचे, त्यांच्या तक्रारींचे व तेथील पक्षसंघटनेचे चित्र असतो. अनेक निकालांची मालिका हे देशाचे चित्र असते. या दोहोंची गल्लत झाल्यास केवळ अनुमान चुकते असे नव्हे. प्रभागातील मतदार रस्ता, शाळा अथवा शेजारातील तणाव यांविषयी जे सांगू पाहतो, ते राष्ट्रीय पक्षांच्या जमाखर्चात हरवून जाते. स्थानिक लोकशाहीचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम त्या मतदाराचे म्हणणे ऐकावे आणि मग आकड्यांची बेरीज करावी, हेच युक्त होय.