शिवणयंत्राखालची गोधडी
हातानें फिरवावयाचें शिवणयंत्र चालूं लागलें, कीं मेजावर सरकूं लागतें. आणि रात्रीं त्याच्या खडखडाटानें निजलेलीं मुलें जागीं होतात. यावर घरच्या चिंध्यांची गोधडी हा उत्तम उपाय आहे.

नऊवारी लुगडें बसण्याच्या जागीं आधीं विरतें. इतरत्र पुष्कळ सूत शाबूत राहतें. तेंच घ्यावें. धुऊन धुऊन आटलेलें कापड पुढें आखडत नाहीं. नवें चीट मिसळावयाचें तर आधीं भिजवून वाळवावें. इरकलीचा लाल पदर देखणा खरा. पण तो रेशमी, म्हणून निसरडा. येथें नको.

माप यंत्राच्या तळाहून चोहोंकडे 2 इंच अधिक असावें. ठिगळें जोडून आंत जुन्या धोतराचे तीनचार थर द्यावे व दाट धांवदोरा घालावा, म्हणजे थर एकमेकांवर सरकत नाहींत. कापूस मात्र भरूं नये. मऊ बैठकीवर यंत्र डुलतें. तेलाचे डाग पडावयाचेच, तेव्हां गडद रंग बरे.

कात्री लावण्यापूर्वीं घरांतील वडील बायकांना अवश्य विचारावें. ट्रंकेच्या तळाशीं ठेवलेलें विटकें लुगडें सुनेला चिंधी वाटतें. सासूबाईंच्या लेखीं तें त्यांच्या आईनें नेसविलेलें असतें. असें लुगडें घडी करून परत ठेवावें आणि दुसरें शोधावें.