कुंपण कुणाचे आणि कसले?
नवे तंत्रज्ञान, जुने कायदे : लेखांक ६

बौद्धिक संपदेच्या कायद्यामुळे नवे तंत्रज्ञान वाढते की खुरटते, यावर हिरिरीने भांडणारे दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासता धरून चालतात. बौद्धिक संपदा म्हणजे एकच एक वस्तू आहे, असे त्यांना वाटते. पेटंट, कॉपीराइट, व्यापारी गुपित आणि दोन पक्षांतला खासगी करार या चारही मार्गांनी माहितीभोवती कुंपण घालता येते, पण त्यांचे परिणाम सारखे नसतात. गेल्या पाव शतकातले संशोधन वाचून माझे मत असे झाले आहे की, पेटंटविषयी आपण जेवढे बोलतो त्याच्या निम्म्यानेही करार आणि गोपनीयता यांच्या कुंपणाविषयी बोलत नाही, आणि संशोधनाची वाट अनेकदा तिथेच अडते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतात नियम घडत असताना हा फरक ध्यानात घेणे निकडीचे आहे.

पेटंटविषयीच्या भीतीचा उगम १९९८ मधला. मायकेल हेलर आणि रिबेका आयझेनबर्ग या अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात इशारा दिला, की जनुकांच्या तुकड्यातुकड्यांवर वेगवेगळ्या मालकांचे हक्क बसले तर एका औषधासाठी डझनभर परवानग्या मागाव्या लागतील आणि कुणीच पुढे जाणार नाही. तर्क बिनतोड होता आणि तो धोरणकर्त्यांच्या मनात घट्ट बसला. पण तो तर्कच होता. मोजमाप व्हायचे होते. २००५ मध्ये वॉल्श, चो आणि कोहेन यांनी अमेरिकेतल्या जैववैद्यकीय संशोधकांनाच विचारले, तेव्हा दुसऱ्याच्या पेटंटमुळे काम अडले असे सांगणारे जेमतेम निघाले. आपल्या कामावर कुणाचे पेटंट आहे का, हे नेमाने तपासणारेही थोडेच होते. मात्र दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पेशी किंवा नमुने मागितले असता ते मिळाले नाहीत, ही तक्रार पुष्कळांची होती.

खरा उजेड पडला तो मानवी जनुकसंचाच्या अभ्यासातून. १९९० मध्ये सुरू झालेला सरकारी प्रकल्प आपली माहिती चोवीस तासांत जगाला खुली करत असे. १९९६ च्या बर्म्युडा परिषदेत तसे ठरले होते. क्रेग व्हेंटर यांची सेलेरा ही खासगी कंपनी १९९८ मध्ये शर्यतीत उतरली आणि २००१ मध्ये दोघांचे आराखडे एकाच सुमारास प्रसिद्ध झाले. सेलेराची माहिती विद्यापीठीय संशोधकांना फुकट पाहता येई, पण अटी मान्य करून: आठवड्याला दहा लाख अक्षरांपर्यंत उतरवून घ्यायची आणि पुढे कुणाला वाटायची नाही. जास्त हवी असेल तर संस्थेच्या सहीचा करार. मानवी जनुकसंच सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे, म्हणजे त्या वेगाने तो पुरा हाती यायला पन्नासहून अधिक वर्षे लागली असती. व्यापारी उपयोगासाठी वेगळा परवाना लागे. हे कुंपण कोणत्याही एका जनुकाभोवती फार तर दोन वर्षे राहिले, कारण २००३ पर्यंत सरकारी प्रकल्पाने तीच जनुके स्वतः वाचून खुली केली. तरीही हायडी विल्यम्स या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ मध्ये दाखवले, की सेलेराच्या ताब्यात राहिलेल्या जनुकांवर पुढचे संशोधन आणि चाचण्यांची निर्मिती २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली. कुंपण निघून गेल्यानंतरही तूट भरून निघाली नाही, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. एकदा अभ्यासक दुसरीकडे वळले की ते परत येतातच असे नाही.

याच विल्यम्स यांनी भावेन संपत यांच्याबरोबर २०१९ मध्ये जनुकांच्या पेटंटचा हिशेब मांडला. पेटंट मिळालेली जनुके मुळातच अधिक मोलाची असू शकतात, मग तुलना कशी करायची? त्यांनी अमेरिकी पेटंट कार्यालयातल्या परीक्षकांचा आधार घेतला. कुणी परीक्षक सढळ, कुणी कडक. अर्ज कुणाच्या टेबलावर जाईल हे जनुकाच्या मोलावर ठरत नाही. या योगायोगाने जणू प्रयोगच घडवला होता. मंजूर आणि नामंजूर अर्जांतल्या जनुकांवरच्या पुढच्या संशोधनात लक्षणीय फरक सापडला नाही. एकच जनुकसंच, एकच अभ्यासक, तरी दोन उत्तरे. माझ्या मते याचे मुख्य कारण असे की पेटंट मिळवायचे तर शोध उघड करावा लागतो, तर सेलेराच्या कुंपणाचा पायाच माहिती हातची न सोडणे हा होता.

यावर तीन आक्षेप घेता येतात. पहिला, सेलेरा नसती तर सरकारी प्रकल्प इतक्या घाईने पुरा झाला नसता. हे मान्य केलेच पाहिजे; विल्यम्स यांची तुलना जनुकाजनुकांमधली असल्याने तिच्यात हा लाभ मोजला जात नाही. पण स्पर्धेचे श्रेय अटींना देता येत नाही. दुसरा, पेटंटने संशोधन अडले नाही तरी रुग्ण अडतो. हा आक्षेप वजनदार आहे. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुकांवर मिरियड कंपनीचा हक्क असताना त्यांची चाचणी तीन हजार डॉलरच्या वर होती. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गातल्या जनुकावर पेटंट नाही असा एकमुखी निकाल दिला, त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी स्वस्त चाचण्या जाहीर केल्या. पेटंट निरुपद्रवी आहे असे म्हणूच नये. तिसरा आक्षेप गॅलासो आणि शँकरमन यांच्या २०१५ च्या अभ्यासाचा: न्यायालयाने पेटंट रद्द केल्यावर त्या शोधाचा पुढच्या कामात होणारा उल्लेख सरासरीने ५० टक्क्यांनी वाढला. परंतु ही वाढ संगणक, इलेक्ट्रॉनिक्स आणि वैद्यकीय उपकरणांतली, त्यातही मालक बडी कंपनी आणि पुढे जाऊ पाहणारा लहान उद्योग अशा जोडीतली होती. औषधांत ती दिसली नाही. म्हणजे पेटंटच्या आतही परिणाम क्षेत्राप्रमाणे आणि मालकाप्रमाणे बदलतो.

भारतात सध्याचा वाद कॉपीराइटचा आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. केंद्राच्या समितीने डिसेंबर २०२५ च्या टिपणात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा सरसकट परवाना आणि त्याबदल्यात निर्मात्यांना रॉयल्टी असा मार्ग सुचवला. मला तो खासगी करारांपेक्षा बरा वाटतो, विशेषतः मराठीसाठी. मराठीत संपादित, विश्वासार्ह डिजिटल मजकूर मोजका आहे. विश्वकोश महाजालावर खुला आहे, पण दैनिकांच्या जुन्या अंकांचा साठा आणि प्रकाशकांची यादी कुणा एकाच कंपनीने कराराने उचलली, तर विद्यापीठातल्या मराठी भाषातंत्रज्ञानाच्या अभ्यासकाच्या वाट्याला उरलेसुरलेच येईल. सरसकट परवान्याने ही एकाधिकाराची वाट बंद होते. दुसरे कुंपण मात्र केवळ रॉयल्टीने हलत नाही: कंपनीने कोणता मजकूर वापरला, कसा निवडला, काय गाळले, हे गुपितच राहू शकते, आणि ते कळल्याशिवाय ना लेखकाला आपला हिस्सा तपासता येतो, ना संशोधकाला यंत्राच्या चुकांचे मूळ. परवान्याच्या बदल्यात ही नोंद उघड करण्याची अट त्याच कायद्यात घालायला हवी. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने प्रशिक्षणातल्या मजकुराचा पुरेसा तपशीलवार सारांश जाहीर करणे बंधनकारक केले आहे. ‘पुरेसा’ म्हणजे किती, यावर तिथे झालेली खेचाखेच पुढच्या लेखांकात पाहू.