आंबोलीच्या घाटांतील पावसाचा एक दिवस

फटफटीवरून दूरचा प्रवास, हा विषय निघाला कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. आणि त्यांत दिवस पावसाळ्याचे असले तर ती आठी प्रवासी घरीं परतेपर्यंत मोडत नाहीं. ही काळजी अगदींच अनाठायीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. गेल्या आषाढांत आम्ही चौघे मित्र चार मोटारसायकली घेऊन पुण्याहून कन्याकुमारीस निघालों होतों, त्या प्रवासांतील दुसऱ्या दिवसाची ही हकीकत आहे. वाचकांनीं ती ऐकावी आणि आपलें मत आपणच बनवावें.

आमच्यांत एक डॉक्टर, एक वकील, एक प्राध्यापक आणि चौथे प्रस्तुत लेखक. कोल्हापूर सोडून संकेश्वरापर्यंत हमरस्त्यानें यावें, तेथून गडहिंग्लज-आजरामार्गें आंबोली गांठावी आणि घाट उतरून सावंतवाडीस मुक्काम करावा, असा बेत होता. वकीलमित्राच्या आजोबांचें वर्षश्राद्ध दुसऱ्याच दिवशीं होतें. वडील पूर्वींच वारलेले, तेव्हां कर्ता तोच. सावंतवाडीखालच्या एका खेड्यांत त्याची वृद्ध आत्या जुनें घर सांभाळून आहे, आणि श्राद्ध तेथेंच व्हावयाचें ठरलें होतें. सहलीची वाट मुद्दाम त्या गांवावरून आंखली होती, ती याच कारणानें.

संकेश्वर ते आंबोली हा रस्ता सुमारें सत्तर किलोमीटरांचा. पण तेवढ्यांत पावसाचें एक संपूर्ण शास्त्र डोळ्यांसमोर उलगडतें. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीच्या भिंतीस थडकून वर चढतात, थंड होतात आणि आपलें ओझें तेथेंच टाकतात. कडा ओलांडून पूर्वेस उतरेपर्यंत त्यांच्याजवळ फारसें कांहीं उरत नाहीं. म्हणून संकेश्वराकडे वर्षांतून शंभर सेंटीमीटरही पाऊस पडत नाहीं आणि आंबोलीस मात्र सातशेंहून अधिक, म्हणजे पुण्याच्या दसपट पडतो. आम्ही सकाळीं कोरड्या कपड्यांनीं निघालों. गडहिंग्लजपाशीं भुरभूर होती, आजऱ्यास सरी आल्या, आणि त्यापुढें सरी मोजण्याची सोय उरली नाहीं. ही वाट बरीचशी हिरण्यकेशीच्या सोबतीनें जाते. नदीचा उगम आंबोलीस आहे. तेथून ती पूर्वेस वाहत जाऊन घटप्रभेस मिळते आणि पुढें कृष्णेवाटे तिचें पाणी बंगालच्या उपसागरांत जातें. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगास पडलेला थेंब घाटावरून कोसळून थोड्याच वेळांत अरबी समुद्राच्या वाटेस लागतो. उगमाजवळच्या पाण्यांत सांपडलेल्या एका लहानशा माशास 2020 साली शास्त्रज्ञांनीं हिरण्यकेशीचेंच नांव दिलें, ही गोष्ट प्राध्यापकांनीं आम्हांस भर पावसांत, शिरस्त्राण न काढतां, ओरडून सांगितली.

पावसांत गाडी हांकण्याविषयीं दोन शब्द येथेंच सांगतों. धोका मुसळधार पावसांत अधिक, अशी सर्वांची समजूत असते. वस्तुतः रस्ता सर्वांत निसरडा असतो तो पहिल्या सरीच्या वेळीं. कारण महिनोन्महिने सांडलेलें तेल आणि धूळ यांचा चिखल त्या वेळीं वर येतो. रस्त्यावरील पांढरे पट्टे, गळलेलीं पानें आणि पुलाच्या सांध्यांवरील लोखंड यांवर चाक कधींही तिरकें नेऊं नये. ब्रेक हळूहळू आणि दोन्ही मिळून दाबावेत. 2019 पासून सव्वाशे सी. सी.वरील नव्या गाड्यांस चाक अडकूं न देणारी ब्रेकची योजना आपल्या देशांत सक्तीची झाली आहे, ती मोठ्या उपकाराची गोष्ट. तथापि झिजलेल्या टायरापुढें तिचेंही कांहीं चालत नाहीं. निघण्यापूर्वीं डॉक्टरांनीं चौघांच्या टायरांच्या खांचा रोग्याची जीभ पाहावी तशा पाहून घेतल्या होत्या.

दोनच्या सुमारास आंबोलीस पोंचलों तों कळलें कीं, घाटांत दरड कोसळून रस्ता बंद झाला आहे. एकेकाळीं वेंगुर्ल्याच्या बंदरांतून बेळगांवच्या छावणीकडे जाणारा माल याच वाटेनें चढत असे. ज्या वाटेनें बैलगाड्या चढल्या तिच्या तोंडाशीं आम्ही चहाच्या टपरींत गारठून बसलों. वकिलास मात्र बसवेना. चंदगडाकडे वळून तिलारीच्या घाटानें दोडामार्गास उतरतां येईल, असें त्यानें सुचविलें. वाट लांबची, पण बोलणें रास्त होतें. आम्ही उठलों.

आंतल्या रस्त्यानें तासाभरानें एक फरशीपूल लागला. त्यावरून तांबडें पाणी वाहत होतें. कठड्याचे दगड मधून मधून दिसत, एवढीच त्याची खूण. पलीकडचा कांठ फार तर पन्नास पावलांवर होता.

"अरे, गुडघाभर तर पाणी आहे," वकील म्हणाला. "एक एक करून जाऊं. मी पुढें होतों."

घोंगडी पांघरलेला एक म्हातारा कडेच्या झाडाखालीं उभा होता. तो म्हणाला, "पाणी गुडघाभर दिसतंय खरं, सायेब. पर खालची फरशी हाय का गेली, ते कुणाला दिसतंय? आमच्या म्हशीसुद्धां आतां तिकडं जात न्हाईत."

वकिलानें ऐकलें आणि तरी गाडी सुरू केली. तेव्हां डॉक्टर पुढें झाले आणि त्यांनीं कांहीं न बोलतां त्याच्या गाडीची किल्ली काढून खिशांत घातली. वीस वर्षांच्या मैत्रींत असा प्रसंग आम्हीं पाहिला नव्हता. वकील खूप बोलला. आजोबांचें नांव घेऊन बोलला. डॉक्टर भिजत उभे राहिले.

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. शिवाय पाण्यांतली वस्तु हलकी होते, म्हणजे चाकाची रस्त्यावरील पकड नेमकी नको तेव्हां सुटते. वेगाच्या प्रवाहांत वीतभर पाणीही उभ्या माणसास पाडूं शकतें आणि दोन फूट पाण्यांत मोटारी वाहून जातात. 2016 च्या 2 ऑगस्टच्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला दगडी पूल पुरांत कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदींत गेल्या. अंधारांत समोरचा पूल नाहींसा झाला आहे, हें त्यांस कळण्यास मार्गच नव्हता. आमच्यापुढें तर उजेड होता आणि सांगणारा माणूसही होता.

आम्ही आंबोलीस परतलों. खोली मिळाली, कपडे वाळण्याची आशा मात्र नव्हती. वकील भिंतीकडे तोंड करून बसला होता. रात्रीं आठांस फोन लागला. आत्याचा आवाज आम्हां सर्वांस ऐकूं येत होता.

"अरे, श्राद्ध कांहीं पहांटे नसतें," ती म्हणाली. "कुतपकाल बारानंतर लागतो. भटजींना मी थांबवून ठेवतें. आणि नाहींच जमलें तर अमावास्येस करूं. शास्त्रांत त्याचीही सोय आहे. आजोबांना मी सांगतें, तूं पुरांत उतरूं नकोस."

दिवसाचे पंधरा मुहूर्त केले तर त्यांतला आठवा तो कुतप. प्राध्यापकांनीं पंचांगांतला सूर्योदय आणि सूर्यास्त धरून कागदावर हिशेब मांडला. बारा-सव्वाबारापासून एकच्या पुढेंपर्यंत वेळ निघाला. वकिलानें तो कागद दोनदां वाचला आणि मग पहिल्यांदाच चहा मागितला. किल्ली डॉक्टरांनीं झोंपण्यापूर्वीं त्याच्या उशाशीं ठेवली.

सकाळीं जेसीबीनें दरडीची माती एका बाजूस सारून एकेरी वाट मोकळी केली. नऊनंतर गाड्या सोडूं लागले. जांभ्याचा लाल चिखल घोट्यापर्यंत होता. पहिल्या गियरवर, पाय दोन्हीकडे टेकीत, आम्ही घाट उतरलों. डाव्या-उजव्या हातास किती धबधबे लागले तें कोणीं पाहिलें नाहीं.

आत्याच्या अंगणांत पोंचलों तेव्हां साडेअकरा झाले होते. तिनें नातवास विहिरीवर पिटाळलें, सोवळें काढून दिलें आणि आम्हां तिघांस पडवींत बसविलें. ब्राह्मणांचीं पानें उठल्यावर आमचीं मांडलीं. वाढतां वाढतां तिनें विचारलें, "आतां अजून कुठवर जायचें आहे तुम्हांला?"

"कन्याकुमारीपर्यंत," डॉक्टर म्हणाले.

पडवीच्या खुंटीस एक जुनें इरलें टांगलेलें होतें. तिनें त्याकडे पाहिलें, मग आमच्या फाटक्या रेनकोटांकडे पाहिलें आणि डॉक्टरांच्या पानांत आणखी एक वडा वाढला.