शिवलेला ओठ आणि राहिलेली खाच

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहात सहावीचा एक विद्यार्थी होता. परिपाठाला तो सर्वांत मागे उभा राही आणि बोलताना तोंडावर हात धरी. त्याचा दुभंगलेला वरचा ओठ तान्हेपणीच शिवला होता. परंतु मधोमध खाच राहिली होती, आणि ओठ मिटले तरी तिच्यातून दात दिसत. “ऑपरेशन तर झालंय, सर,” असे त्याची आई म्हणे. याहून पुढे काही करता येते, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते.

गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यांत चेहऱ्याचे दोन्ही बाजूंनी वाढत येणारे भाग जुळून ओठ तयार होतो. ही जुळणी अपुरी राहिली की ओठ दुभंगतो. ग्रहणात आईने विळी हाती धरली म्हणून असे घडते, ही समजूत निराधार आहे. तिचा बोल मात्र त्या माउलीला जन्मभर लागतो.

पहिली शस्त्रक्रिया बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते. मुळातच मांस कमी, त्यात व्रण आकसतो आणि मूल वाढत जाते. म्हणून पुढे उणीव उघडी पडते. शिट्टी वाजविताना ओठांत पडते तशी ही फट असल्याने वैद्यकातही तिला शिट्टीचेच नाव आहे.

उणीव थोडी असल्यास शेजारचा तांबूस भाग सरकवून ती बुजवितात. ओठ पातळ असल्यास पोटाची वा मांडीची चरबी सुईने काढून त्यात भरतात. हे रोपण होय. रोपलेला भाग मूळ जागेपासून पूर्ण तुटलेला असतो. नव्या जागी रक्त मिळाले तरच तो जगतो. त्यामुळे काही चरबी विरते व कधी पुन्हा भरावी लागते.

वरचा ओठ फारच तोकडा असेल तर खालच्या ओठाचे दान घेतात. न्यूयॉर्कचे शल्यविशारद रॉबर्ट ॲबे यांनी 1898 मध्ये ही रीत वर्णिली. खालच्या ओठाचा त्रिकोणी तुकडा कापून, रक्तवाहिनीचा देठ तसाच ठेवून, वर फिरवून शिवतात. दोन-तीन आठवडे दोन्ही ओठ मध्यभागी जोडलेले राहतात. पातळ अन्नावर राहावे लागते. तुकड्याला वरून रक्त मिळू लागले की देठ कापतात.

देठाची ही युक्ती इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवी नाही. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसविले. आधी मेणाचा साचा, मग त्या मापाची कातडी, आणि भुवयांमधला देठ सुमारे पंचविसाव्या दिवशी कापलेला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकीकत छापून आली, तीत त्या शल्यकाराची विटा करणारी जात नोंदली आहे, नाव नाही. पुढे 1814 मध्ये लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी त्याच रीतीने शस्त्रक्रिया केली. त्यांचे नाव ग्रंथोग्रंथी आहे.

आपल्या त्या विद्यार्थ्याला चरबीरोपण पुरले. दहावीच्या निरोप समारंभात तो बोलला, हात खाली ठेवून.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते आणि दुभंगलेला ओठ व टाळू यांचा यादीत समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी, ओठ पूर्वी शिवलेला असला तरी, पालकांनी मूल जरूर दाखवावे आणि जुने कागद सोबत द्यावेत.